ठिणगी गिळणारा वायू

माझं काम वीज बंद करण्याचं आहे. लग्नाकार्यात कुणी 'सध्या काय करतोस' असं विचारलं की मी हेच सांगतो आणि समोरचा जरा गोंधळतो. म्हणजे बिल न भरलेल्यांची कनेक्शनं कापतोस का? नाही. उच्चदाबाच्या उपकेंद्रांत जे सर्किट ब्रेकर असतात, म्हणजे तुमच्या घरातल्या एमसीबीचे अजस्र थोरले भाऊ, त्यांची चाचणी आणि देखभाल मी करतो. वीज तयार करणाऱ्या धरणांची उद्घाटनं होतात, त्यांना पुढाऱ्यांची नावं मिळतात. वीज वेळेवर तोडणाऱ्या यंत्राकडे कुणी वळूनही बघत नाही. ते नीट चाललं तर बातमी होत नाही, आणि नाही चाललं तर बातमी ट्रान्सफॉर्मर जळाल्याची होते.

खरं तर वीज सुरू करणं सोपं. धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकवा, झालं. अवघड आहे ते तोडणं. जुन्या घरातलं बटण बंद करताना आतून 'चट्' असा आवाज येतो आणि फटीतून निळसर ठिणगी दिसते, ती आठवा. २३० व्होल्टला ती जन्मतःच मरते. चार लाख व्होल्टला ती मरत नाही. संपर्क एकमेकांपासून दूर जाऊ लागले की मधली हवा तापते, तिच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि हवा स्वतःच तार बनते. या ज्वलंत तारेला आम्ही आर्क म्हणतो. तिचं तापमान दहा-वीस हजार अंश असतं, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा दुप्पट-तिप्पट. तांब्याची तिथे वाफ होते.

एकच गोष्ट आपल्या बाजूने असते. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, म्हणजे दर सेकंदाला शंभर वेळा प्रवाह शून्यावर येतो. त्या क्षणी आर्क आपोआप विझते. पण लगेच पुढच्या क्षणी दोन टोकांमधला दाब पुन्हा चढायला लागतो, आणि मधली जागा अजून गरम असेल तर ती पुन्हा पेटते. वेस्टिंगहाउस कंपनीतल्या जोसेफ स्लेपियन यांनी १९२८ साली याला शर्यत म्हटलं. एकीकडे दाब चढतोय, दुसरीकडे मधली जागा थंड होऊन पुन्हा रोधक बनतेय. जी बाजू पुढे गेली, ती जिंकली. ही शर्यत काही मायक्रोसेकंदांत लागते आणि निकाल लागतो. माझ्या धंद्याचा सगळा इतिहास एकाच प्रश्नाचा आहे: त्या दोन टोकांच्या मध्ये भरायचं काय?

पहिलं उत्तर होतं तेल. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सुमारे एक लाख व्होल्टच्या तारांवरून घाटाखालची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. त्या काळात जगभर एवढ्या दाबाची वीज तोडायची तर तेलात. लोखंडी टाकी, तिच्यात खनिज तेल, तेलात बुडवलेले संपर्क. वरवर पाहता हा वेडेपणा वाटतो. ठिणगी पडणार हे ठाऊक असताना तिच्याभोवती तेल कोण ठेवतं? पण त्यात गंमत आहे. आर्कच्या उष्णतेने तेलाचं विघटन होतं आणि मुख्यतः हायड्रोजन निघतो. हायड्रोजन उष्णता फार चटकन वाहून नेतो, म्हणून आर्क स्वतःच निर्माण केलेल्या बुडबुड्यात गारठून मरते. टाकीत हवा शिरली नाही, तेल स्वच्छ राहिलं, सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर. नाही झालं, तर तोच हायड्रोजन टाकीचं झाकण घेऊन उडतो आणि मागे जळतं तेल उरतं.

दुसरं उत्तर होतं दाबाखालची हवा. साध्या हवेला वीस-तीस पट दाबायचं आणि ऐन वेळी तिचा झोत आर्कवर सोडायचा. आग लागायची भीती गेली, पण कॉम्प्रेसर आले, नळ्या आल्या, गळती आली आणि आवाज आला. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे निवृत्तीला टेकलेले एक ऑपरेटर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते सांगायचे, रात्री एअर ब्लास्ट ब्रेकर ट्रिप झाला की तोफ उडाल्यासारखं व्हायचं आणि पलीकडच्या वस्तीतली कुत्री अर्धा तास भुंकत राहायची. वस्तीतले लोक दुसऱ्या दिवशी गेटवर येऊन विचारायचे, कुणी मेलं का?

तिसरं उत्तर तोवर पन्नास वर्षं प्रयोगशाळेच्या कपाटात पडून होतं. त्यासाठी पॅरिसला जावं लागेल.

फ्लोरिन हे मूलद्रव्य एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांना छळत होतं. ते खनिजांत आहे हे कळत होतं, पण मोकळं करता येत नव्हतं, कारण मोकळं होताच ते समोर येईल त्याला खायला उठतं. काच, धातू, माणसाचं फुफ्फुस, काहीही. हम्फ्री डेव्ही त्याच्या संयुगांनी आजारी पडले. आयर्लंडमधले नॉक्स बंधू विषबाधेने अंथरुणाला खिळले. बेल्जियमचे पॉलिन लुये आणि फ्रान्सचे जेरोम निकलेस या प्रयत्नांत जिवानिशी गेले. शेवटी २६ जून १८८६ रोजी आंरी म्वासाँ यांनी प्लॅटिनमच्या नळीत, कडक थंडीत, हायड्रोजन फ्लोराइडमधून वीज सोडून तो फिकट पिवळा वायू वेगळा केला. वीस वर्षांनी, १९०६ साली, त्यांना यासाठी नोबेल मिळालं आणि त्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत ते गेले. वय ५४.

मधल्या काळात म्वासाँ हाती लागेल त्या पदार्थावर फ्लोरिन सोडून काय होतं ते बघत होते. १९०० साली त्यांनी आणि पॉल लेबो यांनी गंधक फ्लोरिनमध्ये जाळलं. फ्लोरिन जगातलं सगळ्यांत भांडखोर मूलद्रव्य, आणि गंधक काही साधुसंत नव्हे. दोघांच्या लग्नातून जे निघालं ते मात्र विलक्षण शांत. रंग नाही, वास नाही, विषारी नाही, पाण्यात फारसं विरघळत नाही, पेटत नाही. वितळलेला सोडियमसुद्धा त्याला सहजासहजी हात लावू शकत नाही. गंधकाच्या एका अणूभोवती वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असे फ्लोरिनचे सहा अणू. गंधकापर्यंत पोचायला कुणाला फटच नाही. सल्फर हेक्झाफ्लोराइड, आमच्या भाषेत एसएफ सिक्स. हवेपेक्षा पाचपट जड.

यूट्यूबवर तुम्ही तो पाहिलेला असणार. काचेच्या रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत अ‍ॅल्युमिनियम फॉइलची होडी तरंगते, खाली पाणी नाही, काहीच नाही. किंवा कुणी तरी फुग्यातून वायू ओढतो आणि त्याचा आवाज हिंदी सिनेमातल्या खलनायकासारखा खर्जात जातो. हेलियमच्या बरोबर उलट. (हे घरी करू नका. जड वायू प्राणवायूची जागा घेतो. आम्हाला केबलच्या चरात ऑक्सिजन मीटर घेतल्याशिवाय उतरू देत नाहीत ते याच कारणाने.)

पस्तीसेक वर्षं हा वायू बेकार होता. ज्याची कशाशीच अभिक्रिया होत नाही त्याचं रसायनशास्त्रज्ञाने करायचं काय? मग १९३७ च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधकांना दिसलं की विजेचा दाब सोसण्यात तो हवेच्या अडीच ते तीन पट सरस आहे. पुढच्याच वर्षी जर्मनीत एईजी कंपनीच्या व्हिटाली ग्रोस यांनी आर्क विझवायला तो वापरण्याची कल्पना मांडली. तेवढ्यात महायुद्ध आलं, आणि इथे इतिहासाने एक कडू वळण घेतलं. अणुबाँबसाठी युरेनियम शुद्ध करायचं तर युरेनियम हेक्झाफ्लोराइड लागत होतं, त्यासाठी टनावारी फ्लोरिन लागत होतं. जे फ्लोरिन मिळवताना माणसं मेली, ते कारखान्यात बनवायची विद्या मॅनहॅटन प्रकल्पाने तयार केली. युद्ध संपलं, विद्या उरली, आणि एसएफ सिक्स सिलिंडरमधून विकायला आला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्टिंगहाउसमधल्या लिंगल, ब्राउन आणि स्ट्रॉम यांनी त्यात आर्क पेटवून पाहिल्या. १९५३ साली त्यांचा निबंध आला. हवेपेक्षा शंभर पट परिणामकारक, असा तेव्हाचा अंदाज होता.

का, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी पंचाईत याच गुणात आहे. या रेणूला इलेक्ट्रॉनची हाव आहे. मोकळा इलेक्ट्रॉन जवळून गेला की तो त्याला चिकटवून घेतो. हलका, चपळ इलेक्ट्रॉन जड रेणूच्या गळ्यात पडला की त्याचं धावणं थांबतं, आणि धावणारे इलेक्ट्रॉन नाहीत तर आर्क नाही. शिवाय आर्कच्या उष्णतेत रेणू फुटतो खरा, पण गार होताना बहुतेक तुकडे पुन्हा एकमेकांना शोधून जसेच्या तसे जुळतात. तेल जळून काळं होतं, हा वायू पुन्हा नवा होतो. थोडासा कचरा मात्र उरतो. ब्रेकर उघडला की आत पांढरी भुकटी सापडते, धातूंचे फ्लोराइड. ओलावा शिरला असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो आला की मी हातातलं काम टाकून बाहेर जातो, कारण ते तुकडे मूळ वायूसारखे निरुपद्रवी नसतात.

एका वायूने अख्ख्या शहरांची मांडणी बदलली असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. मोकळ्या हवेतलं उपकेंद्र पाहिलंय ना? क्रिकेटच्या मैदानाएवढी जागा, खडी, पोलादी सांगाडे, चिनीमातीच्या कपबश्यांच्या उतरंडी. एवढी जागा हवी, कारण हवा फार बेताची रोधक आहे, तारांमध्ये अंतर ठेवावं लागतं. तेच सगळं एसएफ सिक्स भरलेल्या नळकांड्यांत कोंबलं की जागा दहाव्या हिश्शावर येते. १९६० च्या दशकाच्या शेवटी झुरिक आणि बर्लिनसारख्या शहरांत अशी बंदिस्त उपकेंद्रं आली, मग टोकियो, मग सगळीकडे. मुंबईत जमिनीचा भाव बघता हे उपकेंद्र इमारतीच्या तळमजल्यात किंवा तळघरात बसतं यापेक्षा मोठा युक्तिवाद लागत नाही. पुण्यात किंवा ठाण्यात फुटपाथच्या कडेला वडापावच्या गाडीशेजारी जी राखाडी पेटी दिसते, धोक्याची कवटी रंगवलेली, ती रिंग मेन युनिट. तिच्यातही बहुधा हाच वायू असतो, दोन-तीन किलो.

वायू सापडला म्हटल्यावर लोकांनी तो कुठे कुठे भरला, याची यादी मजेशीर आहे. नायकेने बुटांच्या हवेच्या उशीत भरला, कारण मोठा रेणू पटकन निसटत नाही. जर्मनीत मोटारींच्या टायरांत आणि दुहेरी काचेच्या खिडक्यांत भरला. डोळ्याचे सर्जन सुटलेला पडदा जागेवर दाबून ठेवायला त्याचा बुडबुडा अजूनही वापरतात, तो दोनेक आठवड्यांत आपसूक विरतो. १९९२ साली समुद्रशास्त्रज्ञांनी अटलांटिकमध्ये तीनशे मीटर खोल तो थोडासा सोडला आणि महिनोन्‌महिने त्याचा माग काढत समुद्राचे थर एकमेकांत किती सावकाश मिसळतात ते मोजलं. इतका थोडा वायू इतक्या मोठ्या समुद्रात सापडला कसा? तर त्याच हावेमुळे. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ साली इलेक्ट्रॉन पकडणारे रेणू हुडकणारं एक छोटं उपकरण केलं होतं. एसएफ सिक्स त्यात लाखात एक नव्हे, अब्जात एक नव्हे, लाख कोटीत एक इतका विरळ असला तरी दिसतो. १९७० च्या सुमारास लव्हलॉक यांनी त्याच उपकरणाने मोकळ्या हवेत तो शोधला. होता. अगदी नगण्य, पण होता. त्यांना तेव्हा त्यात धोका दिसला नाही, वाऱ्याचा माग काढायला उत्तम खूण एवढंच वाटलं, आणि तेव्हाच्या माहितीवर ते बरोबरही होतं.

ज्या वायूची कशाशीच अभिक्रिया होत नाही, तो हवेत सुटल्यावर त्याला कोण मोडणार? पाऊस धुऊन काढत नाही, झाडं घेत नाहीत, खालच्या वातावरणातलं ऊन फोडत नाही. पार वर, जिथे हवा संपत येते, तिथे पोचेपर्यंत तो जिवंत राहतो. किती काळ? बरीच वर्षं पाठ्यपुस्तकात ३,२०० वर्षं असा आकडा होता. अलीकडच्या अभ्यासांनी तो हजाराच्या आसपास आणला आहे. दिलासा म्हणावा असा हा फरक नाही. शिवाजी महाराजांच्या काळात सुटला असता तर आजही निम्म्याहून जास्त शिल्लक असता. आणि पृथ्वीची उष्णता अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या, शंभर वर्षांच्या हिशेबाने, सुमारे २३,५०० पट. डिसेंबर १९९७ मध्ये क्योटोला जे सहा हरितगृह वायू करारात आले त्यांतला हा एक. नायकेने २००६ पर्यंत बुटांतून तो काढला. टायरवाले, खिडकीवाले गेले. विजेवाले राहिले, कारण त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

२३,५०० पट म्हणजे किती हे मला एकदा गाडीच्या भाषेत मांडावंसं वाटलं. एक किलो एसएफ सिक्स हवेत सोडणं म्हणजे साडेतेवीस टन कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो निघतो. म्हणजे एक किलो वायू सुमारे दहा हजार लिटर पेट्रोल. लिटरला ४५ देणारी स्कूटर घेतली तर साडेचार लाख किलोमीटर, पृथ्वीला अकरा प्रदक्षिणा. पन्नास किलोचं एक सिलिंडर म्हणजे पाच लाख लिटर पेट्रोल. काका ज्या काळाविषयी सांगायचे त्या काळात ब्रेकर उघडण्यापूर्वी व्हॉल्व्ह सैल करून वायू सरळ आकाशात सोडत. सगळ्या जगात सोडत. विषारी नाही, पेटत नाही, ओझोनला हात लावत नाही, मग हरकत काय? आता आम्ही तो शोषून घेणाऱ्या गाड्या वापरतो, गाळतो, पुन्हा भरतो, वहीत किलो-किलोचा हिशेब लिहितो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार नव्या बंदिस्त उपकेंद्रातून वर्षाला अर्धा टक्क्यापेक्षा जास्त गळती चालत नाही. पण मानक कारखान्यातून निघालेल्या नव्या यंत्राचं असतं. वीस वर्षांच्या उन्हापावसात रबराचं सील कसं होतं ते मानकाला ठाऊक नसतं.

आणि हवा खोटं बोलत नाही. १९९५ च्या सुमारास वातावरणात हा वायू लाख कोटी भागांत साडेतीन भाग होता, आता अकराच्या वर गेला आहे. २०१८ साली जगभरातून सुमारे नऊ हजार टन सुटला असा हवेच्या मोजणीवरून काढलेला अंदाज आहे. श्रीमंत देशांनी कागदावर जाहीर केलेले आकडे आणि हवेतले आकडे जुळत नाहीत, कागद नेहमी कमी सांगतो. चीनचा वाटा गेल्या दशकात झपाट्याने वाढला, कारण तिथे जाळंही तितक्याच वेगाने वाढलं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एकूण तापमानवाढीत या वायूचा वाटा आज अगदी थोडा आहे, टक्क्याहूनही कमी. कोळशापुढे तो किरकोळ आहे. मला खटकतं ते दुसरंच. कोळसा सोडायचा म्हणून आपण चाळकेवाडीला पवनचक्क्या लावतो, ब्राह्मणवेलला लावतो. दरेक पवनचक्कीला जोडायला एक ब्रेकर लागतो, दरेक सौर प्रकल्पाला नवं उपकेंद्र लागतं. स्वच्छ विजेचं जाळं जितकं पसरेल तितका हा वायू जास्त लागणार, आणि जो भरला तो कधी ना कधी, थेंबाथेंबाने, बाहेर येणार.

मग त्या दोन टोकांच्या मध्ये भरायचं काय? २०१४ च्या आसपास दोन उत्तरं बाजारात आली आणि दोन्हींचा कच्चा माल एकाच अमेरिकन कंपनीकडून, थ्रीएमकडून, येत होता. एक फ्लोरोनायट्राइल, दुसरं फ्लोरोकीटोन. दोन्ही थोडेसे घ्यायचे आणि बाकी कार्बन डायऑक्साइड किंवा हवा मिसळायची. हो, कार्बन डायऑक्साइडच. हरितगृह वायू घालवण्यासाठी हरितगृह वायू भरायचा, हे ऐकून आमच्या प्रशिक्षण वर्गात दर वेळी हशा पिकतो. पण हिशेब बरोबर आहे, मिश्रणाचा उष्णता अडवण्याचा परिणाम ९८-९९ टक्के कमी होतो. फ्लोरोकीटोन सूर्यप्रकाशात दोन आठवड्यांत मोडतो, हे तर फारच छान. मात्र तो २७ अंशांलाच उकळतो, म्हणजे थंडीत त्याचं पाणी होतं. त्यामुळे थोडाच मिसळता येतो. झुरिकच्या एका उपकेंद्रात २०१५ साली त्याची पहिली मोठी चाचणी झाली. नायट्राइल उणे पाच अंशांला उकळतो, म्हणून युरोपातल्या मोठ्या दाबाच्या कामांत तो पुढे गेला. २०१७ साली इंग्लंडमध्ये चार लाख व्होल्टच्या नळीत तो भरला गेला.

आणि मग डिसेंबर २०२२ मध्ये थ्रीएमने जाहीर केलं की २०२५ अखेर ते पीफास रसायनं बनवणं बंद करणार. पीफास म्हणजे कार्बन-फ्लोरिन बंधांची ती रसायनं, ज्यांना वर्तमानपत्रं 'फॉरेव्हर केमिकल्स' म्हणतात, जी पाण्यातून रक्तात येतात. हे दोन्ही नवे वायू व्याख्येने त्याच कुटुंबातले निघाले. एसएफ सिक्समध्ये कार्बन नाही, त्यामुळे तो स्वतः त्या यादीत बसत नाही! नायट्राइल बनवणारे दुसरे कारखाने आहेत, वापर थांबलेला नाही. पण चाळीस वर्षं चालायचं यंत्र विकत घेताना, त्याच्यात भरायचा वायू दहा वर्षांनी कायद्याने मिळेल का, ही शंका घेऊन कुणी सही करत नाही.

तिसरा गट आहे तो म्हणतो, फ्लोरिनच नको. रोधक म्हणून कोरडी, स्वच्छ हवा, आणि आर्क विझवायला निर्वात बाटली. हे ऐकून मला काकांची आठवण झाली, कारण म्हणजे परत हवाच. निर्वाताची कल्पनाही जुनीच. १९२६ साली कॅलिफोर्नियात रॉयल सोरेन्सेन आणि मेंडेनहॉल यांनी निर्वातात प्रवाह तोडून दाखवला होता. तिथे तापायला काहीच नाही, आर्क जगते ती फक्त संपर्काच्या धातूच्या वाफेवर, आणि प्रवाह शून्यावर आला की वाफ क्षणात भिंतींवर जमते. पण तितकं निर्वात वर्षानुवर्षं टिकवणारी सीलबंद बाटली बनवायला पुढची तीस-चाळीस वर्षं गेली. आज आपल्याकडे ११ आणि ३३ केव्हीला निर्वात ब्रेकर सर्रास आहेत. तोडायचं काम निर्वात करतो, आणि पेटीत भोवती रोधक म्हणून मात्र एसएफ सिक्स भरलेला असतो. तो काढून कोरडी हवा भरली की पेटी थोडी मोठी होते, दाब वाढवावा लागतो, बस. १४५ केव्हीपर्यंतच्या निर्वात बाटल्या आता विकत मिळतात. त्याच्या वर मात्र बाटली लांबवत नेणं सोपं नाही, कारण अंतर दुप्पट केलं म्हणून निर्वाताची ताकद दुप्पट होत नाही. चार लाख व्होल्टला सध्या नायट्राइलच्या मिश्रणाचंच पारडं जड आहे, आणि ७६५ केव्हीचं जे जाळं आपण भारतभर विणतो आहोत त्याला आज तरी एसएफ सिक्सवाचून गत्यंतर नाही.

युरोपने तारखा ठरवून टाकल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये लागू झालेल्या नियमानुसार २४ केव्हीपर्यंतच्या नव्या यंत्रांत १ जानेवारी २०२६ पासून फ्लोरिनचे वायू नकोत, ५२ केव्हीपर्यंत २०३० पासून. १४५ पर्यंत २०२८, त्यावर २०३२. अपवाद आहेत, पळवाटा आहेत, पण तारीख आहे. आपल्याकडे अशी तारीख नाही. गंमत म्हणजे युरोपला जाणारी बिनफ्लोरिनची यंत्रं आणि इथे बसणारी एसएफ सिक्सची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा त्याच असतात.

माझं मत विचाराल तर ७६५ केव्हीवर भांडण्यात वेळ घालवू नये. तिथला वायू थोड्या ठिकाणी, कुंपणात, प्रशिक्षित माणसांच्या नजरेखाली आहे. सुरुवात फुटपाथवरच्या त्या राखाडी पेटीपासून व्हावी. तिथे पर्याय तयार आहे, सिद्ध आहे, आणि नेमकी तीच पेटी कुणाच्या नजरेखाली नसते. रस्ता खोदणारा जेसीबी तिला धडकतो, कचरा पेटवला की तिचा रंग उडतो, बदलली की जुनी पेटी भंगारवाल्याकडे जाते. भंगारवाला आतलं तांबं काढायला ती कापतो. त्या वेळी फुस्स असा आवाज येतो, वास काहीच येत नाही, आणि दोन-अडीच किलो वायू हवेत जातो. आपल्या स्कूटरच्या हिशेबात सांगायचं तर दहा लाख किलोमीटर.

गेल्या महिन्यात एका निविदेच्या तांत्रिक कागदांवर माझं मत मागवलं होतं. अठरा पेट्या, ११ केव्ही. दोन निविदाकारांनी एसएफ सिक्स भरलेल्या दिल्या होत्या, एकाने कोरड्या हवेच्या, किंमत वीसेक टक्के जास्त. निविदेत लिहिलं होतं, 'रोधक माध्यम: एसएफ६ वायू'. म्हणजे हवावाला अपात्र. मी त्या ओळीपुढे 'किंवा कोरडी हवा' असं लिहून शुद्धिपत्रकाची शिफारस केली आणि सोबत एक पान जोडलं, त्यात वायूचे किलो, त्यांचं पेट्रोल, आणि या पेट्या साधारण २०६० पर्यंत रस्त्यावर असतील एवढंच लिहिलं. फाईल अजून वर आहे.